बागेपासून बंदरापर्यंत: अनेक संस्थांचे सामायिक काम क्लाऊडवर भरवशाने कसे चालवावे

दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातल्या प्लॉटवरची द्राक्षे रॉटरडॅमला उतरेपर्यंत त्यांच्या नोंदींना किती संस्थांचे हात लागतात, ते मोजून बघा. बागायतदार किंवा त्याची शेतकरी उत्पादक कंपनी, प्लॉट नोंदणी करणारे कृषी खाते, फवारणीतल्या औषधांचे अवशेष तपासणारी लॅब, पॅकहाऊस, कोल्ड स्टोअर, वाहतूकदार, न्हावा शेव्याचा कस्टम एजंट, जहाज कंपनी आणि पलीकडचा खरेदीदार. यातल्या प्रत्येकाकडे स्वतःचे सॉफ्टवेअर किंवा निदान स्वतःची एक्सेल शीट असते आणि ती बहुतेक वेळा नीट चालते. गोंधळ होतो तो एका संस्थेकडून दुसरीकडे काम जाताना. रिपोर्ट आला पण पॅकहाऊसला कळला नाही, गाडी निघाली पण एजंटकडे जुना नंबर गेला, खरेदीदाराने पेट्यांची संख्या बदलली आणि तो बदल व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये वर सरकून गेला.

नाशिक परिसरात अशा साखळ्यांसाठी सॉफ्टवेअर जोडून देण्याचे काम मी करतो. प्लॅटफॉर्म कोणता घ्यावा, हा प्रश्न मला पहिल्याच बैठकीत विचारला जातो. माझ्या मते तो शेवटून दुसरा प्रश्न आहे. मोठ्या क्लाऊड कंपन्यांचे सर्व्हर आपल्या कोणत्याही ऑफिसातल्या सर्व्हरपेक्षा जास्त भरवशाचे असतात. कच्चे राहते ते दोन संस्थांमधले देणे-घेणे. ते आधी पक्के करा, मग प्लॅटफॉर्म निवडणे सोपे जाते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. उदाहरणे द्राक्ष निर्यातीची आहेत, पण सातपूर-अंबडचा सुटे भाग बनवणारा कारखाना आणि त्याचे जॉबवर्कर असोत, किंवा कांद्याचा निर्यातदार असो, पायऱ्या बदलत नाहीत.

पायरी १: साखळी कागदावर उतरवा

ही बैठक पॅकहाऊसमध्ये घ्या. ऑफिसात बसलेला माणूस काम कसे चालायला हवे ते सांगतो. पॅकिंग लाईनवरचा सुपरवायझर मात्र ते खरोखर कसे चालते ते सांगतो. लॅबचा माणूस, वाहतूकदाराचा माणूस आणि एजंटचा माणूस समोर असलाच पाहिजे, निदान फोनवर तरी.

प्रत्येक देण्याघेण्यासाठी चार रकाने भरा: काय दिले, कोणी दिले, कोणी स्वीकारले आणि ठरल्या वेळेत स्वीकारले नाही तर कोणी काय करायचे. पहिले तीन रकाने अर्ध्या तासात भरतात. चौथ्यावर वाद होतो आणि तो वाद इथेच होऊ द्यावा. लॅबचा रिपोर्ट ठरल्या दिवशी आला नाही तर तोडणी पुढे ढकलायचा निर्णय कोणाचा? कंटेनर दुपारी यायचा तो रात्री आला तर मजुरांना थांबवायचे कोणी ठरवायचे? याची उत्तरे आज कोणाच्या तरी डोक्यात असतात. तो माणूस लग्नाला गेला की साखळी अडते.

एक फरक सुरुवातीलाच सगळ्यांच्या गळी उतरवा. ‘पाठवले’, ‘पोचले’ आणि ‘स्वीकारले’ या तीन वेगळ्या घटना आहेत. ईमेल गेला म्हणजे पोचला असे नाही, आणि पोचला म्हणजे समोरच्याने वाचून ‘हो, ही गाडी माझी’ असे म्हटले असेही नाही. तुमच्या व्यवस्थेत या तिन्ही घटनांची वेळ वेगवेगळी नोंदली गेली, तर नंतरचे निम्मे वाद होतच नाहीत.

सरकारी पोर्टल या नकाशात जसेच्या तसे दाखवा. अपेडाने (केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणाने) २००६ मध्ये ग्रेपनेट ही द्राक्ष निर्यातीची ऑनलाइन नोंदप्रणाली सुरू केली. त्यात प्लॉट, लॅब, पॅकहाऊस आणि प्रमाणपत्रे एका धाग्यात ओवलेली आहेत. अनेक संस्थांनी एकाच प्रणालीवर काम करण्याचा इतका जुना आणि चालता नमुना आपल्या जिल्ह्याच्या रोजच्या वापरात आहे, तो नीट पाहून घ्या. शिपिंग बिलासाठी, म्हणजे निर्यातीच्या घोषणापत्रासाठी, कस्टम्सचे आइसगेट हे पोर्टल आहे. तुमच्या प्लॅटफॉर्मने या दोघांची जागा घ्यायची नसते. त्यांनी दिलेले क्रमांक आणि त्यांची स्थिती नोंदवायची, एवढेच त्याचे काम. आणि सरकारी पोर्टलचे पासवर्ड सामायिक प्लॅटफॉर्मवर साठवू नका, कोणी कितीही सोयीचे म्हणून सांगितले तरी.

पायरी २: प्रत्येक वस्तूला एकच ओळख द्या

एकाच मालाला बागायतदार ‘वरच्या मळ्यातला थॉमसन’ म्हणतो, पॅकहाऊस ‘लॉट १७’ म्हणते आणि एजंट कंटेनर नंबरने ओळखतो. जोडणी फसण्याचे हे सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त आढळणारे कारण.

प्लॉटसाठी नोंदणी क्रमांक आहेच, तोच वापरा. ठिकाणे आणि पॅलेट (एकत्र हलवण्यासाठी पेट्या रचलेला पाट) यांसाठी जीएस१ या जागतिक संस्थेची पद्धत तयार आहे. ठिकाणासाठी १३ अंकी जीएलएन, आणि पॅलेटसारख्या वाहतुकीच्या प्रत्येक नगासाठी १८ अंकी एसएससीसी. युरोपातल्या मोठ्या दुकानसाखळ्यांना हे क्रमांक ओळखीचे आहेत, त्यामुळे स्वतःची नवी पद्धत काढण्यात अर्थ नाही. घटना नोंदवण्यासाठी याच संस्थेचे ईपीसीआयएस हे मानक आहे. कोणती वस्तू, कुठे, केव्हा आणि कशासाठी, असा त्याचा साचा. २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत जेसन हे संगणकांमधल्या देवाणघेवाणीचे स्वरूप आणि तापमानासारख्या सेन्सरच्या नोंदीही बसतात. छोट्या साखळीला ते पूर्ण मानक राबवण्याची गरज नसते, पण नोंदींचा साचा तिथून उचलला तर पुढे मोठ्या खरेदीदाराशी जोडताना सगळे मोडून नव्याने करावे लागत नाही.

पायरी ३: खाते कोणाचे, हे ठरवा

इथे तीन पर्याय असतात. पहिला, साखळीतली सर्वांत मोठी संस्था, बहुधा निर्यातदार, स्वतःच्या खात्यावर प्लॅटफॉर्म चालवते आणि बाकीचे त्यात लॉगिन करतात. दुसरा, संघ किंवा सहकारी संस्थेसारख्या सामायिक मंडळाच्या नावे खाते असते. तिसरा, प्रत्येकाची प्रणाली वेगळीच राहते आणि मधे फक्त ठरलेल्या स्वरूपाचे संदेश फिरतात.

पहिला पर्याय झटपट उभा राहतो, स्वस्त पडतो आणि सुरुवातीला बहुतेकांनी तोच घ्यावा. त्यातला धोका मात्र लहान भागीदाराच्या वाट्याला येतो. पाच वर्षांचा प्लॉटनिहाय उतारा (किती माल निघाला), रिपोर्ट आणि दर या नोंदी निर्यातदाराच्या खात्यात अडकल्या की बागायतदार कंपनीला दुसऱ्या निर्यातदाराकडे जाणे अवघड होते. मी अशी एक उत्पादक कंपनी पाहिली आहे. करार संपल्यावर तिला स्वतःच्याच प्लॉटच्या नोंदी छापील कागदावर मिळाल्या, कारण डिजिटल स्वरूपात देण्याचे कुठे लिहिलेलेच नव्हते. म्हणून पहिल्याच दिवशी अट घाला. प्रत्येक भागीदाराला आपल्या भागाचा संपूर्ण डेटा सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) किंवा जेसन स्वरूपात, कोणाला न विचारता, केव्हाही उतरवून घेता आला पाहिजे. हे बटण प्रत्यक्ष दाबून बघितल्याशिवाय करारावर सही करू नका.

पायरी ४: किती भरवसा हवा, ते आकड्यात लिहा

क्लाऊड कंपन्यांच्या एसएलएमध्ये, म्हणजे सेवा किती टक्के वेळ चालू राहील याच्या करारात, नवांची रांग असते. ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटे सेवा बंद राहिली तरी वचन मोडत नाही. वर्षाला ते साधारण पावणेनऊ तास होतात. ९९.९९ टक्क्यांत वर्षाला सुमारे ५३ मिनिटे.

आता साखळीचा हिशेब करा. पॅकहाऊस, लॅब, वाहतूकदार, एजंट आणि मधला प्लॅटफॉर्म अशा पाचही प्रणाली प्रत्येकी ९९.९ टक्के चालतात आणि एका कामासाठी पाचही एकाच वेळी सुरू लागतात असे धरू. पाच वेळा गुणाकार केला की उत्तर येते सुमारे ९९.५ टक्के, म्हणजे वर्षाला जवळपास ४४ तास. प्रत्येक जण आपापल्या जागी उत्तम असूनही साखळी जवळजवळ दोन दिवस बंद. महागडा प्लॅटफॉर्म घेऊन हा आकडा फारसा हलत नाही. तो हलतो ‘एकाच वेळी’ ही अट काढून टाकल्याने. लॅबची प्रणाली दोन तास बंद असली तरी पॅकहाऊसचा संदेश रांगेत थांबावा आणि ती सुरू झाली की पोचावा, अशी रचना केली, तर तिचे बंद पडणे म्हणजे फक्त उशीर, नुकसान नाही.

एसएलए मोडला तर मिळणारी भरपाई म्हणजे पुढच्या बिलातली सवलत. गेलेल्या जहाजाची किंवा नरम पडलेल्या द्राक्षांची ती भरपाई नसते, हे व्यवस्थापनाला आधीच सांगून ठेवा.

प्रत्येक देण्याघेण्यासाठी दोन आकडे लिहून काढा: ते किती वेळ बंद राहिले तर चालेल, आणि संकटात किती वेळेच्या नोंदी गेल्या तर चालतील. पॅकिंग लाईनवरचे लेबल छापणे जानेवारी ते एप्रिल या हंगामात दहा मिनिटेही थांबलेले परवडत नाही, कारण प्री-कूलिंगला (साठवणीआधी झटपट थंड करायला) जाणारा माल बाहेर उभा राहतो. खरेदीदाराचा हिशेब दोन दिवस उशिरा झाला तरी कोणाचे बिघडत नाही. सगळ्यालाच सर्वोच्च भरवसा मागितला तर खर्च वाढतो आणि जिथे खरेच जपायला हवे तिथे लक्ष राहत नाही.

पायरी ५: देण्याघेण्याची तांत्रिक बांधणी

ही पायरी तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यासमोर ठेवा आणि एकेका मुद्द्यावर त्याच्याकडून उत्तर घ्या. भरवसा मिळतो की जातो, ते इथेच ठरते.

एकच संदेश दोनदा आला तर काय होते? नेटवर्क तुटले की पाठवणारी प्रणाली पुन्हा पाठवते, आणि तिने पुन्हा पाठवावेच. अनेक रांगसेवांचे वचनच ‘निदान एकदा तरी पोचवू’ असे असते, ॲमेझॉनच्या एसक्यूएसची साधी रांग त्यातलीच. म्हणून प्रत्येक संदेशाला पाठवणाऱ्याने एक कायमचा क्रमांक द्यावा आणि घेणाऱ्याने तो क्रमांक आधी पाहिलेला असेल तर काम पुन्हा न करता ‘मिळाले’ एवढेच कळवावे. ही काळजी घेतली नाही तर एका पॅलेटची दोनदा नोंद होते आणि पॅकिंग लिस्ट शिपिंग बिलाशी जुळत नाही. कस्टम्सच्या दारात ते निस्तरणे फार महाग पडते.

पुन्हा प्रयत्न किती वेळा आणि किती अंतराने? समोरची प्रणाली आधीच धापा टाकत असताना दर सेकंदाला धडक मारली तर ती पूर्णच झोपते. प्रत्येक वेळी अंतर वाढवत न्या आणि त्यात थोडा अनियमितपणा ठेवा, म्हणजे सगळे भागीदार एकाच क्षणी धडकणार नाहीत.

थकलेले संदेश कुठे जातात? ठरावीक प्रयत्नांनंतर संदेश वेगळ्या रांगेत बाजूला काढावा आणि ती रांग बघणारा माणूस नावानिशी ठरलेला असावा. मुदतीकडेही लक्ष द्या. एसक्यूएसमध्ये संदेश मुळात ४ दिवस टिकतो, मुदत वाढवून जास्तीत जास्त १४ दिवस करता येते. आपल्याकडे हंगामाच्या मध्यावर होळी आणि रंगपंचमी येते. नाशिकला रंगपंचमीच्या रहाडी (रंगाचे हौद) भरतात त्या दिवशी छोट्या ऑफिसात कोण बसतो? रविवार जोडून सुट्टी झाली आणि समोरची प्रणाली बंदच राहिली, तर चार दिवसांची मुदत कधी संपते ते कळतही नाही. मुदत १४ दिवस करून टाका.

काम किती दिवस ‘थांबलेल्या’ अवस्थेत राहू शकते? प्लॅटफॉर्मची पत्रके वाचताना हा मुद्दा हमखास सुटतो. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून युरोपची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास लांबला. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटमध्ये एक फ्लो (आपोआप एकामागून एक चालणाऱ्या कामांची मालिका) जास्तीत जास्त ३० दिवस चालतो, त्यात मंजुरीची वाट बघण्याचे दिवसही धरलेले असतात. ‘कंटेनर पोचल्याची पोच येईपर्यंत थांब’ असा एकच लांब फ्लो केला तर तो समुद्रातच मरतो आणि कोणाला कळत नाही. ॲमेझॉनच्या स्टेप फंक्शन्स या तशाच सेवेचा स्टँडर्ड प्रकार एक वर्षापर्यंत थांबतो, एक्सप्रेस प्रकार मात्र फक्त ५ मिनिटे. उपाय सोपा आहे: प्रवासाच्या टप्प्यागणिक वेगळा फ्लो करा आणि कंटेनरची स्थिती एका तक्त्यात ठेवा.

अर्ध्यात मोडलेले काम मागे कसे घ्यायचे? पॅलेट कंटेनरमध्ये चढली, गाडी ठरली, एजंटला कागद गेले आणि मग खरेदीदाराने ऑर्डर निम्मी केली. अनेक संस्थांच्या डेटाबेसांवर एकच ‘रद्द’ चालत नाही. प्रत्येक पायरीसाठी उलट पायरी आधीच लिहून ठेवावी लागते: गाडी रद्द, कागद रद्द, पॅलेट पुन्हा कोल्ड स्टोअरच्या साठ्यात. जुनी नोंद पुसू नका. रद्द केल्याची नवी नोंद करा.

नियम हंगामात मध्येच बदलला तर? २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाचे अवशेष युरोपात सापडले, माल अडकला आणि त्या हंगामातल्या अनेक बागायतदारांचे कंबरडे मोडले. ज्याची तपासणीच यादीत नव्हती, तो घटक एकाएकी निर्णायक ठरला. अशा वेळी कार्यप्रणालीत नवी तपासणी त्याच दिवशी घालता आली पाहिजे, आणि आधीच समुद्रात असलेल्या कंटेनरांची कामे जुन्या आवृत्तीवर शांतपणे पूर्णही झाली पाहिजेत. कोणता कंटेनर कोणत्या आवृत्तीच्या नियमांखाली गेला, हे दोन वर्षांनी विचारले तरी दाखवता यावे. ज्या प्लॅटफॉर्ममध्ये आवृत्त्या शेजारी शेजारी चालत नाहीत, तो या कामासाठी घेऊ नका.

शेवटचा मुद्दा सहीचा. बाहेरून येणारा संदेश खरोखर त्या भागीदाराकडूनच आला आहे, हे तपासल्याशिवाय काहीही स्वीकारू नये. वेबहुकवर (दुसऱ्या प्रणालीकडून आपोआप येणाऱ्या संदेशावर) सामायिक गुपिताने, म्हणजे फक्त दोघांनाच माहीत असलेल्या संकेताने, केलेली सही तपासा आणि ते गुपित दर हंगामाआधी बदला.

पायरी ६: नेटवर्क आणि लाईट जाणारच, हे धरून चाला

खेड्यातल्या पॅकहाऊसवर लाईट जाते, कसारा घाटात मोबाईलची रेंज तुटते. त्यामुळे मोबाईल ॲपने नोंद आधी फोनमध्येच साठवावी आणि रेंज आली की पाठवावी. यासाठी प्रत्येक नोंदीत दोन वेळा हव्यात: घटना घडली ती आणि प्रणालीला कळली ती. घाटात ४ वाजता सील तपासले आणि नोंद ५ ला पोचली, तर दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही लागतात. वेळ साठवताना जागतिक वेळेत साठवा, दाखवताना भारतीय वेळेत दाखवा. साडेपाच तासांचा घोळ युरोपच्या खरेदीदाराशी बोलताना तारीखच बदलून टाकतो.

लेबल प्रिंटरला क्लाऊडवर अवलंबून ठेवू नका. पुरेसे क्रमांक आधीच उतरवून घेतलेला एक साधा संगणक, इन्व्हर्टरवर, लाईनशेजारी असू द्या.

पायरी ७: लॉगिन आणि अधिकार

हंगामात पॅकहाऊसवर माणसे येतात-जातात. ‘सुपरवायझर१’ नावाचे एकच लॉगिन सहा जण वापरतात आणि पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो. मग चुकीच्या पॅलेटला मंजुरी कोणी दिली, हे कधीच कळत नाही. व्यक्तीगणिक लॉगिन द्या आणि ते हंगामाच्या शेवटच्या तारखेला आपोआप बंद होईल असे ठेवा. टंकलेखन जमत नसेल तर ओळखपत्रावरचा क्यूआर कोड आणि चार अंकी पिन पुरते. मंजुरी देणाऱ्यांना मात्र दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सक्तीची करा.

ज्या भागीदाराकडे स्वतःची गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट किंवा झोहोची खाती आहेत, त्याच्या माणसांना त्याच खात्याने आत येऊ द्या. त्या संस्थेने नोकरी सोडलेल्या माणसाचे खाते बंद केले की तुमच्याकडचा प्रवेशही बंद होतो, तुम्हाला वेगळे कळवावे लागत नाही. अधिकार देताना नियम एकच ठेवा: प्रत्येकाला आपल्या देण्याघेण्यापुरतेच दिसावे. वाहतूकदाराला दर दिसायचे कारण नाही आणि एका बागायतदाराला शेजाऱ्याचा रिपोर्ट तर मुळीच नाही. गावात एवढ्यावरून संबंध बिघडतात.

पायरी ८: आता प्लॅटफॉर्म निवडा

वरची सगळी कागदपत्रे हातात असतील तर निवड एका दुपारचे काम आहे.

स्वतःचे प्रोग्रामर नसलेल्या छोट्या साखळीने झोहो क्रिएटर किंवा पॉवर ऑटोमेटसारख्या कमी कोडिंगच्या साधनांपासून सुरुवात करावी. झोहोची डेटा सेंटर मुंबई आणि चेन्नईला आहेत, मदतही भारतीय वेळेत मिळते. प्रोग्रामर असतील आणि दिवसाला शेकडो नोंदी असतील, तर स्टेप फंक्शन्स, ॲझ्युअर लॉजिक ॲप्स किंवा गूगल क्लाऊड वर्कफ्लोज बघा. प्रक्रिया गुंतागुंतीची असेल आणि ती आकृतीत काढून भागीदारांना दाखवायची असेल तर बीपीएमएन (प्रक्रिया आकृतीत मांडण्याची प्रमाणित पद्धत) आकृत्यांवर चालणारे कामुंडा चांगले, कारण सुपरवायझरला कळणारी आकृती आणि प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम एकच राहतो. टेम्पोरल हे मुक्तस्रोत इंजिन दीर्घकाळ चालणाऱ्या कामांसाठी फार भक्कम आहे, पण ते सांभाळायला अनुभवी माणूस लागतो. तो नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

डेटा क्लाऊड कंपनीच्या भारतातल्या विभागातच (डेटा सेंटरांच्या गटात) ठेवा. ॲमेझॉनचे विभाग मुंबई (२०१६ पासून) आणि हैदराबादला (२०२२ पासून) आहेत, मायक्रोसॉफ्टचे पुणे, मुंबई आणि चेन्नईला, गूगलचे मुंबई आणि दिल्लीला. नाशिकहून प्रतिसाद जलद मिळतो आणि कायद्याचे प्रश्नही कमी होतात.

ब्लॉकचेनबद्दल (अनेकांच्या संगणकांवर एकत्र ठेवलेल्या, बदलता न येणाऱ्या नोंदवहीबद्दल) हमखास विचारणा होते. आपल्या साखळीत बहुतेक जण एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात आणि वाद झालाच तर करार आणि नोंदींचा इतिहास पुरतो. कोणालाही बदलता न येणारी साधी नोंदवही पुरेशी आहे. तिच्यासाठी वेगळे जाळे उभारायचा खर्च मला पटत नाही.

पायरी ९: कायद्याची बाजू

बागायतदाराचे नाव, फोन, बँक खाते हा वैयक्तिक डेटा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. डेटा कशासाठी वापरायचा हे ठरवणारी संस्थाच जबाबदार राहते, प्लॅटफॉर्म चालवणाऱ्याकडे बोट दाखवून सुटका होत नाही. संमतीपत्र मराठीत आणि एका पानात लिहा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग (प्रणालीत काय घडले याच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. सहा तासांत कोण कळवणार, हे नावासह करारात घाला. अनेक संस्था गुंतलेल्या असल्या की प्रत्येकाला वाटते की दुसरा कळवेल.

पायरी १०: बॅकअप आणि रंगीत तालीम

मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबर्ग इथल्या ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांचे दोन्ही गेले. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्ती निधीचे गूगल क्लाऊडवरचे खाजगी क्लाऊड चुकीच्या मांडणीमुळे पुसले गेले, तेव्हा दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा त्यांना मोठा आधार झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या एका विभागातल्या बिघाडाने जगभरातल्या सेवा काही तास अडल्या. तुमचा डेटा मुंबईत असला तरी तुम्ही वापरत असलेली एखादी तिसरी सेवा त्या विभागावर चालत असू शकते, म्हणून प्रत्येक जोडलेल्या सेवेचा विभाग विचारून ठेवा.

रोजचा बॅकअप वेगळ्या खात्यात, आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्याच कंपनीकडे. मुख्य खात्याच्या पासवर्डने तो पुसता येऊ नये.

तालीम डिसेंबरमध्ये घ्या, पहिला कंटेनर भरण्याच्या आधी. लॅबची जोडणी मुद्दाम दोन तास बंद करा. एकच संदेश तीनदा पाठवा. नापास प्लॉटचा लॉट पॅकिंगला लावून बघा, अडतो का. बॅकअप रिकाम्या खात्यात उतरवून एका जुन्या कंटेनरचा पूर्ण इतिहास काढून दाखवा. ही तालीम सॉफ्टवेअरवाल्याने एकट्याने करायची नाही. एजंट आणि वाहतूकदार बसलेले असावेत, कारण प्रणाली बंद पडल्यावर फोन कोणाला करायचा, याची सवय त्यांनाच लावायची आहे.

पायरी ११: सुरुवात एका जोडणीने

पहिल्या हंगामात पूर्ण साखळी जोडू नका. लॅबचा रिपोर्ट ते पॅकहाऊसची मंजुरी, एवढी एकच जोडणी घ्या. तिथे फायदा लगेच दिसतो, कारण रिपोर्ट ‘पास’ आल्याशिवाय त्या प्लॉटचा माल युरोपला लावता येत नाही. पहिले काही कंटेनर कागद आणि क्लाऊड दोन्हीवर चालवा आणि रोज संध्याकाळी आकडे ताडून बघा. ते जुळू लागले की कागद थांबवा. दोन्ही चालू ठेवले तर माणसे नेहमी कागदाकडेच वळतात.

हंगामभर दर सोमवारी अर्धा तास सगळ्या भागीदारांचा एक फोन ठेवा. त्यात एकच यादी वाचायची: चोवीस तासांहून जास्त अडकलेली कामे, कोणाकडे आणि का. खर्चाचे बिलही याच फोनवर सगळ्यांना दाखवा, म्हणजे वर्षाअखेरीच्या वाटणीत कुरबुर होत नाही.

एप्रिलमध्ये खरड छाटणी (तोडणीनंतरची छाटणी) सुरू झाली की तांत्रिक बाजूची आवराआवर करा. हंगामी लॉगिन बंद झाली का ते तपासा, बाजूला काढलेल्या संदेशांची रांग रिकामी करा, सहीची गुपिते बदला आणि प्रत्येक भागीदाराला त्याचा वर्षाचा डेटा उतरवून घ्यायला लावा. पुढच्या जोडणीची निवड करायची असेल तर सोमवारच्या याद्या समोर ठेवा. ज्या देण्याघेण्याचे नाव त्यात सर्वांत जास्त वेळा आले असेल, ते आधी घ्या. ऑक्टोबर छाटणीच्या आत ती जोडणी लिहून तयार झाली, तर तिची डिसेंबरची तालीम वेळेत होते.